शरदातलं उधाण बघायचं असेल तर: वाशी खाडी, कुलाबा किल्ला, कोळियाक

ऐरोली_खाडीकाठ

पितृपक्ष जवळ आला की "मोठी भरती-ओहोटी बघायला कुठे जाऊ" हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तरात नुसती जागांची यादी मिळते. पण जागेच्या आधी तारीख ठरवायला हवी. गाडी, हॉटेल सगळं बुक झालं आणि नेमका भांगाचा (लहान भरती-ओहोटीचा) आठवडा निघाला, तर गुजरातेत भावनगरपर्यंत जाऊनही निम्मंच बघायला मिळतं. म्हणून आधी हिशोब मांडतो, जागा नंतर.

उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, दर पंधरवड्याला येतं. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत असतात, ओढ एकत्र होते. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ एकमेकांना काटकोनात, तो भांग. 22-23 सप्टेंबरला सूर्य विषुववृत्तावर असतो आणि त्या दिवसांतल्या अमावास्या-पौर्णिमेचा चंद्रही विषुववृत्ताच्या आसपासच असतो. दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीला ही स्थिती सगळ्यात पोषक. त्यामुळे सर्वपित्रीचं आणि कोजागरीचं उधाण बघण्यासारखं असतं.

मुंबईकडे आणखी एक फरक पडतो. जून-जुलैत दुपारची भरती मोठी आणि मध्यरात्रीची लहान, पहाटेची ओहोटी खोल आणि संध्याकाळची बरीच उथळ. शरदात हा दुजाभाव जवळजवळ मिटतो. दोन्ही भरत्या भरपूर, दोन्ही ओहोट्या खोल. पावसाळ्यातलं उधाण बातम्यांत गाजतं, पण पाणी किती उतरतं हे बघायचं तर हेच दिवस. शिवाय आभाळ मोकळं झालेलं असतं आणि किनाऱ्यावर पाय ठेवता येतो.

भरती-ओहोटीच्या तक्त्यातले आकडे कसे वाचायचे ते सांगतो. मुंबईच्या अपोलो बंदरची सरासरी अशी: उधाणाची भरती 4.42 मीटर, उधाणाची ओहोटी 0.76. भांगाची भरती 3.30, भांगाची ओहोटी 1.86. वजाबाकी केली तर उधाणाला 3.66 मीटरचा फरक आणि भांगाला जेमतेम 1.44. म्हणजे एकाच जागी दुसऱ्या आठवड्यात गेलात तर निम्म्याहून कमी दिसणार. नुसती भरतीची उंची बघू नका, भरती वजा ओहोटी करा. तो आकडा ज्या दिवशी सगळ्यात मोठा, तो तुमचा दिवस.

वाघबीळ

बातम्यांत "आज 4.8 मीटरची भरती" म्हणतात. म्हणजे तेवढ्या उंचीची लाट ना? मग वाशीला ती कधीच कशी दिसत नाही?

ऐरोली_खाडीकाठ

नाही, लाटेचा त्याच्याशी संबंध नाही. नकाशासाठी एक ठरावीक खालची पातळी शून्य धरलेली असते, तिथपासून पाण्याचा पृष्ठभाग किती वर आला तो हा आकडा. लाटा त्याच्यावर वेगळ्या. शांत दिवशी 4.8 मीटरची भरती आली तर ती आवाज न करता येते, फक्त खडक दिसेनासे होतात आणि पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला टेकतं.

कारावे_बंदर

पंचांग घरात असेल तर तक्त्याशिवायही अंदाज येतो. कोकणात सगळीकडे चालणारा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, भरती तीनच्या सुमाराला, दुपारी आणि पहाटे. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी नऊच्या सुमाराला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात. प्रत्यक्षात मुंबईला बारा-साडेबारा होतात, म्हणून तासाभराची सूट धरायची. गप्पांपुरता हा हिशोब उत्तम, पण चिखलात उतरायचं असेल तर त्या गावचा छापील तक्ताच बघायचा.

दुसरं म्हणजे सगळ्यात मोठं उधाण नेमकं पौर्णिमेला नसतं, एक-दोन दिवस मागाहून येतं. कोजागरीचं दूध पिऊन झाल्यावर प्रतिपदा-द्वितीयेला निघायचं.

खारफुटी

याच्याच जोडीला उपभू बघा. चंद्र साधारण साडेसत्तावीस दिवसांनी पृथ्वीच्या सगळ्यात जवळ येतो. पौर्णिमा त्या सुमारास पडली तर ते उधाण वरचढ ठरतं आणि मागच्या-पुढच्या अमावास्येला चंद्र लांब असल्यामुळे ते उधाण नरम. दर वर्षी हे जुळणं सरकतं. एखाद्या वर्षी कोजागरी जोरात, एखाद्या वर्षी सर्वपित्री. "गेल्या वर्षी अमावास्येला छान दिसलं" एवढ्यावर यंदाची तारीख ठरवू नका, दोन्ही उधाणांचे फरक शेजारी लिहून काढा. पाच मिनिटांचं काम आहे.

तक्ते कुठे मिळतात: भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी देशभरातल्या बंदरांचे तक्ते काढतो आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्रविज्ञान संस्थेच्या संकेतस्थळावरही अंदाज मिळतो. मोबाइलमधलं एखादं ॲप वापरणार असाल तर दोन गोष्टी तपासा: वेळ भारतीय प्रमाणवेळेत आहे का, आणि त्याने धरलेलं बंदर नक्की कुठलं. काही ॲप्स जवळचं बंदर आपणच उचलतात आणि ते खाडीच्या भलत्याच टोकाचं असतं.

बेलापूर_सायकल

एका सुट्टीत उरकेल असं जवळ काही?

कारावे_बंदर

जवळच आहे, आणि लांबच्या सहलीआधी इथे नजर तयार होते. पौर्णिमा किंवा प्रतिपदेचा दिवस घ्या. सकाळी साडेसहा-सातला ओहोटीचा तळ, दुपारी साडेबारा-एकला भरती. खाडीत जसजसे आत ठाण्याकडे जाल तशी वेळ थोडी मागे पडते. म्हणजे एकाच सकाळी दोन्ही टोकं दिसतात.

वाशीच्या सागर विहारला पहाटे पोहोचा. खाडी पुलाचे खांब नीट बघा. खाली चिखलाचा पट्टा, त्याच्या वर कालवांचा खरखरीत करडा पट्टा, त्याच्या वर स्वच्छ काँक्रीट. कालवांना पाणी रोज लागतं, त्यामुळे पट्ट्याची वरची कड जवळपास नेहमीची भरती दाखवते. सकाळी ती कड डोक्याच्या कितीतरी वर दिसते, दुपारी पाण्याखाली गेलेली असते. दूरच्या एका खांबावर नजर ठेवून दर पंधरा मिनिटांनी फोटो घ्या, जागा आणि झूम न बदलता. सहा तासांची ती मालिका एका भारी फोटोपेक्षा जास्त सांगते.

प्रवाहाचा जोर मात्र भरतीच्या शिखरावरही नसतो आणि तळालाही नसतो. तेव्हा पाणी वळतं, थबकतं. जोर मधल्या वेळात, साधारण साडेनऊला. खांबाच्या ज्या बाजूला पाणी चढून फुगलेलं दिसतं तिकडून प्रवाह येतोय, दुसऱ्या बाजूला भोवरे. पुलावर गाडी थांबवायची नाही. उंचावरून बघायचं असेल तर वाशी-मानखुर्द लोकलने एक फेरी मारा, खिडकीतून पूर्ण खाडी दिसते.

खारफुटी

चिखलाच्या कडेला तिवरांकडेही लक्ष द्या. श्वसनमुळं पेन्सिलीएवढी उभी असतात. भरती लागली की आधी त्यांच्यामधल्या बारीक ओहोळांत पाणी शिरतं, मुळं एकेक करून बुडतात आणि निवटे (चिखलावर राहणारे छोटे मासे) पाण्याच्या कडेच्या पुढे पुढे उड्या मारत सरकतात. निवटा थांबला म्हणजे पाणी थांबलं, इतकं ते जुळतं. धक्क्यावरून किंवा बांधावरून बघा, चिखलात उतरू नका. वरून घट्ट वाटणाऱ्या थराखाली मांडीएवढा गाळ असतो. ठाणे खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) झाली, त्यामुळे खारफुटीत पायवाटा पाडणं तसंही चुकीचं.

ऐरोलीच्या जैवविविधता केंद्राच्या बोटी भरतीच्या वेळेनुसार सुटतात, कारण ओहोटीला तिथे बोट हलायला पाणीच उरत नाही. फ्लेमिंगो बहुतेक नोव्हेंबरपासून. ऑक्टोबरात गेलात तर पक्ष्यांची अपेक्षा न ठेवता खाडी बघायला जा.

कारावे_बंदर

नवी मुंबईकरांनी धारण तलावही (पावसाचं पाणी तात्पुरतं साठवणारे) बघावेत. शहराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून सिडकोने डच पद्धतीने खाडीलगत हे तलाव ठेवले. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये झडपा असतात, बिजागऱ्या वरच्या कडेला. खाडीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने झडप मिटते. ओहोटीला खाडी उतरली की तलावातलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. मोटार नाही, माणूस नाही. बिघडतं ते एकाच गोष्टीने: बुडाशी गाळ साचतो किंवा प्लॅस्टिक, फांद्या अडकतात, झडप बोटभर उघडी राहते आणि भरतीचं पाणी उलटं आत येतं. वाशीच्या मिनी सीशोअरला फिरायला जाणाऱ्यांनी उधाणाच्या दुपारी खाडीच्या आणि तलावाच्या पाण्याची पातळी एकदा डोळ्यांनी ताडून बघा. फरक स्पष्ट दिसतो.

बेलापूर_सायकल

भारीच. आणि अलिबागचा कुलाबा किल्ला? तिथे चालत जाता येतं ना?

नौपाडा_भटकंती

उधाणाच्या ओहोटीला चालत जाता येतं. तारीख निवडताना पौर्णिमेपेक्षा द्वितीया ते चतुर्थी बरी. पौर्णिमेला तळ सकाळी सहा-साडेसहाला आणि संध्याकाळी त्याच सुमाराला, म्हणजे एकदा झुंजुमुंजू आणि एकदा अंधार. द्वितीयेला साडेसात-आठ, चतुर्थीला नऊ-साडेनऊ. उधाणाचा जोर तोवर टिकून असतो आणि हातात उजेड असतो.

बेलापूरहून पनवेल-पेण-वडखळ मार्गे अडीच तास धरा. मांडव्याच्या बोटीने इतक्या सकाळी पोहोचणं जमत नाही, म्हणून एक तर पहाटे गाडी काढा नाहीतर आदल्या रात्री अलिबागला मुक्काम करा. तळाच्या दीड-दोन तास आधी किनाऱ्यावर हजर. वाट उघडी पडली की निघायचं, आणि तळाच्या वेळेनंतर तासाभरात अलिबागच्या वाळूवर परत. किल्ल्यात वेळ भुर्रकन जातो, म्हणून तळाच्या वेळेचा गजर लावून ठेवा. तक्त्यात ओहोटी एक मीटरच्या आत असेल तर वाट चांगली उघडते. दीडच्या वर असेल तर पायी जाण्याचा विचार सोडा. घोडागाड्या असतात, पण परतीची वेळ त्यांच्याशी आधीच ठरवा.

जाताना तटाचे दगड बघा. मोठे चिरे चुन्याशिवाय एकावर एक बसवलेत. लाटेचं पाणी फटींतून आत जाऊन निघून जातं, त्यामुळे तटावर धक्का पूर्ण बसत नाही. आत गोड्या पाण्याचा तलाव आहे.

वाघबीळ

वाट उघडी दिसतेय म्हणजे धोका नाही असं धरायचं का?

नौपाडा_भटकंती

नाही, आणि माणसं अडकतात ती इथेच. पाणी समोरून सरळ चढत येईल असं सगळ्यांना वाटतं. किनारा सपाट नसतो. तुम्ही उभे असता त्या उंचवट्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये एखादा खोलगट पट्टा असतो, तो बाजूने आधी भरतो. पुढे बघत फोटो काढत राहता आणि मागे कंबरभर पाणी झालेलं असतं. जाताना पायाखालची सगळ्यात खोल जागा लक्षात ठेवा. परतीचा निर्णय त्या जागेकडे बघून घ्यायचा, किल्ल्याच्या दाराशी असलेल्या पाण्याकडे बघून नाही.

ऐरोली_खाडीकाठ

आता मोठी सहल. भारतात सगळ्यात जास्त फरक खंभातच्या आखातात, भावनगरकडे उधाणाला दहा मीटरच्या वर जातो. कारण असं: मुंबईच्या बाहेर समुद्रबूड शेकडो किलोमीटर उथळ आहे, त्यावर भरती चढत येते आणि पुढे आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होतं. तेवढंच पाणी कमी रुंदीत, कमी खोलीत कोंबलं जातं. गोव्याला दोन मीटरच्या आसपास, मुंबईला साडेतीन-चार, भावनगरला दहा. या फरकावरच तिथली कामं चालतात. भावनगर बंदरात जहाजं ओहोटीला चिखलात बसू नयेत म्हणून पाणी अडवणारा लॉक गेट आहे. अलंगला 1983 पासून जहाजं मोडतात ती उधाणाच्या भरतीला पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवून. पाणी उतरलं की जहाज कोरड्यात. अलंगच्या यार्डात परवानगीशिवाय प्रवेश नाही, तेवढ्यासाठी वाट वाकडी करू नका.

बघायचं ते कोळियाकचं निष्कलंक महादेव. भावनगरहून पंचवीसेक किलोमीटर. किनाऱ्यापासून सुमारे एक किलोमीटर आत समुद्रात चौथरा आहे, त्यावर पाच शिवलिंगं. भरतीला सगळं पाण्याखाली, फक्त खांब आणि पताका वर. ओहोटीला लोक चालत जाऊन पूजा करून येतात. मोठी जत्रा आपल्या पोळ्याच्या अमावास्येला भरते, तेव्हा गर्दी प्रचंड. पाणी निवांत बघायचं असेल तर त्यानंतरची सर्वपित्री किंवा कोजागरी घ्या.

नौपाडा_भटकंती

जाण्याचे दोन मार्ग. एक, बांद्रा टर्मिनसहून भावनगरची रात्रीची गाडी. ठाणेकरांना बोरिवलीला चढणं सोयीचं. दुसरा, घोडबंदरवरून महामार्गाने सुरतजवळच्या हजिऱ्याला, तिथून घोघ्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट. रस्त्याने साधारण 370 किलोमीटरचा वळसा समुद्रातून 90 वर येतो, बोटीला चारेक तास. घोघा कोळियाकच्या बाजूलाच. घोडबंदर पहाटे पाचच्या आत ओलांडलं तरच हजिऱ्याची वेळ हमखास गाठता येते. गाडीचं बुकिंग आधी लागतं, आणि बोटीच्या वेळा महिन्यागणिक बदलतात म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासा.

सगळ्यात महत्त्वाचं: मुंबईची वेळ तिथे लावू नका. भरतीला आखात चढायला काही तास लागतात. पाऊणपटीचा हिशोब तिथे चुकतो. भावनगरचाच तक्ता घ्या.

खारफुटी

दहा मीटर म्हणजे काय ते समजायला बाराव्या हिश्श्याचा नियम लावा. सहा तासांत पाणी 1, 2, 3, 3, 2, 1 अशा हिश्श्यांनी चढतं. दहा मीटरला पहिल्या तासात 0.8 मीटर, दुसऱ्यात 1.7, तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी 2.5, मग 1.7, 0.8. अडीच मीटर तासाला म्हणजे मिनिटाला चार सेंटीमीटर उभं. किनाऱ्याचा उतार शंभरास एक धरला तर पाण्याची कड मिनिटाला चार मीटर तुमच्याकडे येते. उतार याहून सपाट असला की त्याच्या दुप्पट-तिप्पट. चिखलातून एक किलोमीटर परत यायला पंचवीस-तीस मिनिटं लागतात, मुलं असतील तर जास्त.

त्यात उथळ आखातात भरती चढायला कमी वेळ घेते आणि उतरायला जास्त, त्यामुळे चढताना वेग या हिशोबापेक्षाही अधिक धरायला हवा. पहिला तास मंद असतो आणि तोच फसवतो. "अजून काही हललं नाही" म्हणत माणूस थांबतो आणि दुसरा तास सुरू होतो. तळाची वेळ झाली की पाठ फिरवायची. पुजारी आणि गावची मंडळी परतायला लागली तर घड्याळ काहीही म्हणो, त्यांच्यामागे निघायचं.

बेलापूर_सायकल

सोबत काय घ्यायचं?

नौपाडा_भटकंती

मागे पट्टा असलेल्या सँडल, घट्ट बांधून. चपला चिखलात राहतात आणि अनवाणी चाललं तर शिंपल्यांनी तळवा चिरतो. फोन आणि पैशांसाठी पाणी न शिरणारी पिशवी. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, कारण ऑक्टोबरचं ऊन आणि चिखलावर सावली कुठेच नाही. शिट्टी. एक काठी: चौथऱ्याजवळ पोहोचलात की पाण्याच्या कडेला रोवून ठेवा, पाणी वळलं की तिच्यावरून लगेच कळतं. लोक ज्या वाटेने जातात तीच वाट धरा. बाजूचा गुळगुळीत चमकणारा चिखल सगळ्यात मऊ.

खारफुटी

हवामानाचं सांगायचं राहिलं. तक्ता फक्त चंद्र-सूर्याचा. वारा, हवेचा दाब, दूरच्या वादळाच्या लाटा त्यात नसतात. हवेचा दाब एक मिलिबार घटला की समुद्र साधारण एक सेंटीमीटर फुगतो, वाऱ्याने ढकललेलं पाणी वेगळं. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा हंगाम आहे. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान अलिबाग-मुंबई पट्ट्यातच किनाऱ्यावर आलं. ऑक्टोबर 2019 मधलं क्यार तर किनाऱ्याला न शिवता दूरून गेलं, तरी लाटांनी किनारे झोडपले. निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज आणि इन्कॉइसचा उंच लाटांचा इशारा दोन्ही बघा. परतीच्या पावसात दुपारनंतर विजा चमकतात. मोकळ्या चिखलावर सगळ्यात उंच तुम्हीच असता, त्यामुळे गडगडाट ऐकू आला की आत जायचंच नाही.

वाघबीळ

आईचे गुडघे दुखतात. चिखलातून एक किलोमीटर शक्य नाही. तिला हे दाखवायचं असेल तर?

ऐरोली_खाडीकाठ

काकूंना कावी-कंबोईच्या स्तंभेश्वर महादेवाला न्या. भरुचहून जंबुसर मार्गे, थेट गाडीने. तिथे मंदिर किनाऱ्याला लागूनच आहे आणि दिवसातून दोनदा पाण्यात बुडतं. चालायला फारसं नाही, काठावर बसून बघता येतं. तळाच्या वेळेला पोहोचून दर्शन घ्या, मग वर येऊन बसा आणि पाणी मंदिरात शिरेपर्यंत थांबा. तीन-चार तास लागतात, म्हणून घडीची खुर्ची, छत्री आणि डबा गाडीत ठेवा. पायऱ्यांवर शेवाळ आणि गाळ असतो, उतरताना काकूंना दोन्ही बाजूंनी हात द्या.

वेळेसाठी भावनगरच्या तक्त्यावर विसंबू नका. आखाताच्या दुसऱ्या काठाला आणि आणखी आत असल्याने ती पुढे-मागे होते. आदल्या दिवशी मंदिरात विचारून त्या दिवसाची वेळ घ्या आणि भरुचहून त्या हिशोबाने निघा.